सेवा करणाऱ्यांची विचारपूस : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

मराठवाड्याला संकटे नवीन नाहीत, आणि संकटात सापडलेल्या मनांचा अभ्यासही नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास झाला. आपत्तीनंतर घरे बांधून देणे पुरेसे नसते, मनेही सावरावी लागतात, ही समज लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांतून अनेकांपर्यंत पोहोचली. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या काळात, २०१५ मध्ये, राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. खचलेल्या शेतकऱ्याला वेळीच ओळखावे, त्याच्याशी बोलावे, उपचारांची वाट दाखवावी, हा त्याचा हेतू होता.

या दोन्ही वेळी आपण संकटग्रस्ताला विचारले, आणि ते योग्यच होते. २०२०-२१ च्या करोना महासाथीने मात्र आणखी एक प्रश्न पुढे ठेवला. संकटग्रस्ताच्या उशाशी जो उभा होता, त्याचे काय झाले? अतिदक्षता विभागातले निवासी डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर, ऑक्सिजनच्या जोडण्या तपासणारे तंत्रज्ञ, मृतदेह बांधून देणारे मामा आणि मावशी यांच्या मनावर त्या दोन वर्षांत काय ओरखडे उमटले, त्यातले किती भरले आणि किती राहिले? या प्रश्नाभोवती जगभर एक अभ्यासविषय उभा राहिला आहे. नांदेड-लातूरच्या वाचकाला त्याची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी हे लेखन.

हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे, असे वाचकांनी समजू नये. तुमच्या घरातले कोणी त्या काळात नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या रुग्णालयात दाखल झाले असेल, तर काचेपलीकडे त्यांच्याजवळ जे माणूस होते ते तुमच्या नात्यातले नव्हते. त्या माणसाची झोप, सावधपणा आणि धीर यांच्यावर तुमच्या माणसाचा जीव अवलंबून होता. थकलेल्या हातून औषधाची मात्रा चुकते, आणि बधिर झालेल्या मनाला मॉनिटरवरचा बदल उशिरा जाणवतो. म्हणून सेवा करणाऱ्याच्या मनाची काळजी हा रुग्णसेवेचाच भाग ठरतो, आणि ती उद्याच्या प्रत्येक रुग्णाच्या हिताची आहे.

अतिदक्षता विभाग ही व्यवस्था मुळात एका साथीतूनच जन्मली, हे अनेकांना ठाऊक नसते. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी घालून हाताने पिशवी दाबत हवा द्यावी, असा मार्ग भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी सुचवला. पुरेशी यंत्रे नव्हती. तेव्हा सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांशेजारी बसून तासन्‌तास पिशवी दाबली, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. या घटनेतून वैद्यकशास्त्राने श्वसनयंत्रे आणि स्वतंत्र कक्ष घेतले. रात्रभर एखाद्या मुलाचा श्वास स्वतःच्या हातात धरून बसलेल्या आणि कधी कधी तो हातातच थांबलेला पाहणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या मनाचे काय झाले, याकडे फार उशिरा लक्ष गेले. हा विषय त्या जुन्या दुर्लक्षाची भरपाई करू पाहतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. एप्रिल २०२० मध्ये लातूर जिल्ह्यात निलंगा येथे आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात नांदेड शहरात संसर्ग आढळला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिली लाट चढली, आणि २०२१ च्या मार्च ते मे महिन्यांत दुसरी. नांदेडमध्ये २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ अशी जिल्हाव्यापी टाळेबंदी लावावी लागली. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विष्णुपुरी येथील रुग्णालय, शहरातील जिल्हा रुग्णालय, गुरुद्वारा परिसरातील यात्री निवासांतली कोविड केअर केंद्रे आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांवर सगळा भार आला. विष्णुपुरीत नांदेडसह हिंगोली, परभणी, यवतमाळचे आणि तेलंगणाच्या सीमेवरचे रुग्ण येतात. लातूरकडे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), बीदरकडचे. रोज संध्याकाळी प्रशासनाच्या बातमीपत्रात बाधितांच्या आकड्यांखाली किती खाटा शिल्लक आहेत ते छापून येई. बाहेरच्यासाठी तो आकडा असे. आत काम करणाऱ्यासाठी रात्री दारात येणाऱ्या पुढच्या रुग्णाला काय सांगायचे, याचे उत्तर त्यात असे.

ते काम कसे होते, हे नीट डोळ्यांपुढे आणल्याशिवाय वाचकांनी कोणत्याही निष्कर्षाकडे जाऊ नये. एप्रिल-मेचे ऊन चाळिशी ओलांडलेले. अंगावर पीपीई किट, त्यात सलग पाळी. पाणी नाही, लघवीला जाणे नाही, चष्म्यावर वाफ. एका रुग्णाला पालथे झोपवायचे तर चार-पाच जण लागत. हाय फ्लो ऑक्सिजन लावलेला रुग्ण शुद्धीवर असे आणि शेजारच्या खाटेवरचा मृत्यू पाहत असे. सिलिंडर बदलण्याची धावपळ, रेमडेसिविरसाठी नातेवाइकांचे फोन, आणि दर दोन तासांनी सॅच्युरेशनचे आकडे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका हवी. साथीच्या काळात हा निकष कागदावर राहिला.

मराठवाड्यात आजारी माणसाला भेटायला सगळी भावकी येते. वडाच्या पारावर, रुग्णालयाच्या आवारात चूल मांडून नातेवाईक राहतात, डबा येतो, अंगारा येतो. महासाथीने हे सगळे दाराबाहेर थांबवले, आणि जे काम दहा नातेवाईक करत ते एका सिस्टरवर आले. तिने व्हिडिओ कॉलवर मुलाचा चेहरा दाखवायचा, घास भरवायचा, शेवटचे पाणी पाजायचे, आणि मग फोन करून कधी मराठीत, कधी दख्खनीत, कधी मोडक्यातोडक्या तेलुगूत ‘पेशंट गेले’ असे सांगायचे. एप्रिल २०२१ च्या अखेरीस अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी देशभर गेली. वाचणारे हादरले. ते देह वॉर्डातून ज्यांनी बांधून दिले त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरी लावली.

या अनुभवांना समजून घेण्यासाठी चार कल्पना तुमच्या हाताशी असाव्यात. पहिली म्हणजे कामाने येणारी झीज. १९७० च्या दशकात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी तिचे वर्णन केले आणि क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी ती मोजण्याचे साधन दिले. थकवा, रुग्णाबद्दल काहीच न वाटणे आणि ‘माझ्या हातून काही होत नाही’ ही भावना, अशी तिची तीन अंगे. जागतिक आरोग्य संघटना हिला आजार म्हणत नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणते. विहिरीचा उपसा झऱ्यापेक्षा जास्त झाला की तळ दिसतो, आणि त्यात विहिरीचा दोष नसतो. दुसरी कल्पना आघातानंतरच्या ताणविकाराची. प्रसंग संपूनही तो मनात पुन्हा पुन्हा घडतो, झोपेत मॉनिटर वाजतो, त्या वॉर्डासमोरून जाणे टाळले जाते.

तिसरी कल्पना नैतिक क्लेशाची. अँड्र्यू जेमेटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात ती मांडली. काय करणे योग्य आहे ते कळते, पण व्यवस्था ते करू देत नाही, तेव्हा हा क्लेश होतो. एक व्हेंटिलेटर आणि तीन रुग्ण, हा त्याचा सर्वांत कठीण प्रकार. मराठवाड्यात त्याला आणखी एक पदर होता. आलेल्या व्हेंटिलेटरांतले कितीतरी नीट चालत नाहीत, या तक्रारीची दखल मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला घ्यावी लागली. यंत्र समोर आहे आणि ते भरवशाचे नाही, अशा वेळी खाटेशेजारी उभ्या असलेल्याची काय घालमेल होत असेल, याचा विचार करा. चौथी कल्पना नैतिक इजेची. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे यांनी ती पुढे आणली. आपल्याच माणसांनी, आपल्याच वरिष्ठांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले, ही जखम भीतीपेक्षा खोल जाते. या चारही गोष्टी एकाच माणसात एकत्र असू शकतात, पण त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून त्या वेगळ्या ओळखायला शिकणे हे या विषयातले पहिले पाऊल.

दुसरे पाऊल आकडे वाचायला शिकण्याचे. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत चीनमधील ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यांत सुमारे निम्म्यांत नैराश्याची आणि सुमारे ४५ टक्क्यांत चिंतेची लक्षणे आढळली. परिचारिका, स्त्रिया आणि प्रत्यक्ष करोना वॉर्डात काम करणारे यांच्यात ती अधिक तीव्र होती. इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेनंतर अतिदक्षता विभागांतल्या ७०९ जणांना विचारले गेले. ४० टक्क्यांनी आघातोत्तर विकाराची सीमारेषा ओलांडली होती, आणि १३ टक्के म्हणजे सातांत जवळपास एकाच्या मनात मरून जाण्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येऊन गेले होते.

हे वाचून कोणीही अस्वस्थ होईल, पण वाचकांनी इथे थांबू नये. ही उत्तरे प्रश्नावली भरून मिळालेली आहेत. इंग्लंडमधल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका पुढच्या अभ्यासात प्रश्नावलीनुसार आघातोत्तर विकार २५ टक्क्यांना दिसला, पण प्रशिक्षित माणसाने समोर बसून मुलाखती घेतल्यावर तो सुमारे ८ टक्क्यांवर आला. म्हणजे पहिला आकडा खोटा ठरला का? तसे नाही. प्रश्नावली त्रास मोजते, मुलाखत आजार ठरवते. नुसता त्रास असलेल्या गटाला रजा, झोप आणि बोलायला माणूस हवे असते, आजार असलेल्या गटाला मनोविकारतज्ज्ञ. दोन्ही गटांना एकाच तागडीत तोलले तर एकाला नको ते औषध मिळते आणि दुसऱ्याला हवे ते मिळत नाही.

तिसरे पाऊल काळाचे भान ठेवण्याचे. लाट ओसरली की मन मोकळे होते, असे आपण धरून चालतो. २००३ च्या सार्स साथीनंतर कॅनडात १३ ते २६ महिन्यांनी पाहणी केली, तेव्हा ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण हाताळले होते तिथल्या कर्मचाऱ्यांत झीज आणि ताण इतरांपेक्षा जास्तच आढळला. आपल्याला प्रशिक्षण आणि पाठिंबा पुरेसा मिळाला, असे ज्यांना वाटत होते त्यांना त्रास कमी झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. मनांचे वेळापत्रक अशा घोषणांवर चालत नाही.

आता या लेखनाचा मुख्य आग्रह सांगतो. या विषयाकडे येताना माणसाच्या स्वभावापासून सुरुवात करू नका, ड्युटीच्या तक्त्यापासून करा. कोण किती रात्री सलग जागला, दोन पाळ्यांमध्ये किती तास होते, किती खाटांमागे किती हात होते, रजा कोणाची रद्द झाली, हे त्या तक्त्यात असते. २०२१ चेच उदाहरण घ्या. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा आधी एप्रिलवर आणि मग पुढे ढकलली गेली. ती ११ सप्टेंबरला झाली आणि प्रवेशफेरी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. याचा अर्थ असा की देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत निवासी डॉक्टरांची एक संपूर्ण तुकडी वेळेवर आलीच नाही. जे होते त्यांनी दोन तुकड्यांचे काम केले. अशा वेळी एखादा डॉक्टर कोसळला तर ‘तो हळवा होता’ हे निदान अपुरे पडते. तसेच ज्यांना तात्पुरत्या कंत्राटावर घेतले आणि लाट ओसरताच कार्यमुक्त केले, त्या परिचारिकांची अनिश्चितताही त्या तक्त्यातच वाचता येते.

तरीही माणसे बोलत का नाहीत, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर आपल्या मातीत आहे. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नने आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचवले, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या वर्गांजवळच्या खोल्यांमधून आणि मेसमधून मुले एक धडा नकळत घेतात की दमलो असे म्हणायचे नसते. तोच मुलगा पुढे निवासी डॉक्टर होतो आणि छत्तीस तासांच्या ड्युटीनंतरही ‘ठीक आहे सर’ म्हणतो. सिस्टर ‘मन खचलंय’ असे सांगत नाही. डोके दुखते, झोप लागत नाही, घरी लेकरांवर चिडचिड होते, एवढेच सांगते. अभ्यासकाने तेच ऐकायला शिकले पाहिजे.

दुसरे उत्तर आपल्या गौरवाच्या सवयीत आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्चला प्राण सोडला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत तिथल्याच दवाखान्यात रुग्णांवर उपचार करत होते. आपण हा त्याग पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. पण समोर रोज माणसे मरत असताना त्या मायलेकांच्या मनात काय चालले होते, हे विचारणे आपल्या परंपरेत बसले नाही. २२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजवल्या, पुढे ‘कोविड योद्धा’ प्रमाणपत्रे वाटली. ज्याच्या गळ्यात हार पडला, त्याला ‘मला भीती वाटते’ असे म्हणणे आणखी अवघड झाले. गौरव करू नये असे नाही. पण गौरवाने विचारपूस झाल्यासारखी वाटते, आणि ती होत नाही.

गौरवाच्या पाठोपाठ रोषही आला. हल्ल्यांमुळे एप्रिल २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेला सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद करावी लागली. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. त्यानंतर एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना अटक झाली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत १२ नवजात बालकांसह २४ मृत्यू झाल्याची बातमी आली, आणि पाठोपाठ एका खासदाराने तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावल्याचे चित्रीकरण सर्वांनी पाहिले. या घटनांत जबाबदारी कोणाची, हे ठरवणे चौकशीचे काम आहे आणि मृतांच्या नातेवाइकांना उत्तर मिळालेच पाहिजे. पण या विषयाच्या अभ्यासकाने एवढे नोंदवावे की अशा प्रत्येक प्रसंगानंतर राज्यभरातल्या अतिदक्षता विभागांत रात्रपाळीला गेलेले माणूस थोडे अधिक घाबरलेले असते, आणि घाबरलेले माणूस चूक झाली तर ती सांगण्याऐवजी लपवते.

उपायांबद्दल बोलताना मोठ्या शब्दांची गरज नाही. पाळ्यांमध्ये पुरेसे अंतर, बसायला आणि झोपायला स्वच्छ खोली, गरम जेवण, पगार वेळेवर, कठीण मृत्यूनंतर दहा मिनिटे एकत्र बसण्याची मुभा, आणि ‘जेवलास का, झोपलास का’ असे खरोखर विचारणारे वरिष्ठ यांना योगवर्गाच्या आणि भाषणाच्या आधी जागा हवी. ज्यांना त्यापलीकडची मदत लागते त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आपल्याच रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जायला डॉक्टर लाजतात, कारण केसपेपर काढणारा ओळखीचा असतो. त्यामुळे गोपनीय, बाहेरची सोय उपयोगी पडते.

हा विषय वाचून तुमच्यापैकी कोणाला त्यात काम करावेसे वाटले, तर नांदेड-लातूरइतकी चांगली जागा सापडणे कठीण. इथे चार भाषा बोलणारे रुग्ण आहेत, भूकंपापासूनचा अनुभव आहे, आणि गावागावांत डॉक्टर-परिचारिका घडवणारी घरे आहेत. परदेशी प्रश्नावल्या जशाच्या तशा भाषांतरित करू नका. आधी वॉर्डातल्या माणसांचे बोलणे ऐका आणि त्यातून प्रश्न तयार करा. मामा-मावशींना वगळू नका, कंत्राटी कर्मचाऱ्यांना शोधून काढा, ज्यांनी नोकरी सोडली त्यांच्याकडे मुद्दाम जा, कारण सर्वाधिक त्रास झालेले बहुधा तेच असतात. उत्तरे वरिष्ठांच्या हाती पडणार नाहीत, याची हमी आधी द्या आणि पाळा. आणि निष्कर्ष एखाद्या नियतकालिकाकडे किंवा परिषदेकडे पाठवण्याआधी ज्यांनी ते दिले त्यांना त्यांच्याच विभागात, त्यांच्याच भाषेत वाचून दाखवा. त्यांना ते पटले, त्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या आणि त्यावरून पुढच्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता बदलला, तर तुमचा अभ्यास सार्थकी लागला असे समजा.